विळा, कोयता व सुरी यांच्या घडणीतील दोष

नांगर, कुळव, पाभर इत्यादी आउतांच्या गुणदोषांची चर्चा शेतकी मासिकांतून वेळोवेळी होत असते; परंतु जे लोखंड मनुष्याच्या मुठीत राहून दिवसाचे आठ आठ तास चालते, त्याकडे मालकाचे लक्ष सहसा जात नाही. नांगर घेताना चार ठिकाणी विचारपूस करणारा शेतकरी विळे मात्र बाजारातून परत येता येता, पिशवीत जागा उरली असल्यास घेतो. दुकानदार हे पूर्ण जाणून आहे. म्हणून अलीकडे बाजारात जी पाती येतात, त्यांची घडण कापण्यासाठी कमी व टांगलेली चांगली दिसावीत यासाठी अधिक झालेली आढळते. ज्यांना चांगल्या पात्याची पारख व आवड आहे अशी माणसे प्रत्येक गावात दोनचार तरी असतात. ती ज्या गोष्टी पाहताच पाते खाली ठेवतात, त्या कोणत्या व का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे. सोयाबीनच्या काढणीच्या वेळी मी एका आठवडी बाजारातून सहा विळे घेतले. लाल रंगाची मूठ, तिच्यावर बोटे बसण्यासाठी चार खाचा, पाते आरशासारखे. दुसऱ्या दिवशी एका मजूर बाईने विळा हातात फिरतो अशी तक्रार केली. नवीन आहे, हाताला बसेल, असे म्हणून मी ती मनावर घेतली नाही. तिसऱ्या दिवशी एक बुडखा जरा जून लागला, पाते मुठीतल्या मुठीत आडवे फिरले आणि घसरून तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी शिरले. चार टाके पडले. जखमेत माती गेली होती म्हणून धनुर्वाताची सुई द्यावी लागली, आणि ऐन सुगीत तीन आठवडे तिचा हात बांधलेला राहिला. औषधपाणी व मजुरी मी दिली; पण दवाखान्यात ती एवढेच म्हणाली, "भाऊसाहेब, इळा मुठीत फिरतोय, हे म्या कालच सांगितलं व्हतं." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

घरी येऊन ती मूठ मी फोडून पाहिली. पात्याची मुठीत जाणारी शेपटी अवघी दोन बोटे लांब, गोल सळईसारखी, आणि गोल छिद्रात नुसती ठोकून बसविलेली होती. गोल वस्तू गोल छिद्रात फिरणारच. गावच्या लोहाराने घडविलेल्या जुन्या विळ्याची शेपटी चौकोनी व टोकाकडे निमुळती असते, ती मुठीच्या आरपार जाते व मागील टोकास वळवून ठोकलेली असते. म्हणून ती फिरत नाही व निघतही नाही. हा फरक बाहेरून दिसत नाही हे खरे, तथापि तो ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मुठीच्या मागील बाजूस शेपटीचे वळविलेले टोक किंवा आडवे रिपीट दिसते काय ते पाहावे. दोन्हींपैकी काहीच दिसत नसेल, तर एका हाताने मूठ व दुसऱ्या हाताने फडके गुंडाळून पात्याची पाठ धरावी व पिळून पाहावे. केसभर जरी हालचाल जाणवली तरी ते पाते घेऊ नये.

मुठीचे लाकूड हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. ओल्या लाकडाची मूठ पावसाळ्यात घट्ट वाटते व उन्हाळ्यात आकसून सैल पडते. बाभळीचे लाकूड चिवट खरे, पण ते तोडल्यावर निदान एक उन्हाळा सावलीत वाळलेले हवे. पुष्कळ ठिकाणी शेपटी तापवून लाकडात जाळत बसवितात. ही रीत चांगली आहे, मात्र शेपटी लालभडक करून घुसविल्यास छिद्राच्या आत कोळशाचा थर राहतो, तो काही दिवसांनी झडतो आणि मूठ हलू लागते. मुठीच्या तोंडाशी लोखंडी शेंबी नसेल तर लाकूड तेथूनच चिरते.

रंगीत मुठीवरील त्या चार खाचांविषयी जाणत्यांचा राग सर्वांत अधिक आहे, आणि तो रास्त आहे. खाचा कोणत्या तरी एकाच मापाच्या हातासाठी पाडलेल्या असतात. ज्याचा हात त्याहून लहान किंवा मोठा, त्याच्या बोटांखाली खाचेऐवजी दोन खाचांमधील उंचवटा येतो व तासाभरात तेथे फोड उठतो. आपल्याकडे विळा व खुरपे चालविणाऱ्या बहुतेक स्त्रिया असून त्यांचे हात पुरुषांच्या मानाने लहान असतात, ही गोष्ट मूठ करणाऱ्याच्या ध्यानी असावयास पाहिजे होती. शिवाय काम करणारा मनुष्य मूठ दिवसभर एकाच प्रकारे धरीत नाही. कधी पुढे, कधी मागे, कधी तिरकी अशी पकड बदलीत राहतो, आणि त्यानेच हाताला विसावा मिळतो. खाचा ही मोकळीक काढून घेतात. साधी, मध्ये किंचित फुगीर, कापली असता लंबगोल दिसेल अशी मूठ उत्तम. लंबगोल असल्याने धार कोणत्या दिशेस आहे हे न पाहताही हाताला कळते. जाडी इतकी असावी की मूठ आवळली असता अंगठा तर्जनीच्या नखावर सहज यावा.

कोयत्यांत एक नवी चाल निघाली आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. पात्याला लाकडी मुठीऐवजी नळीचा तुकडा जोडकाम करून चिकटवितात व सर्वावर काळा रंग मारतात. जोडाच्या उष्णतेने पात्याच्या त्या भागाचे पाणी उतरते, आणि जोडाच्या कडेची पट्टी ठिसूळ होऊन पुढे तेथेच तडा जातो. तो रंगाखाली असल्यामुळे मोडेपर्यंत दिसत नाही. नळी घामाने निसटते, उन्हात चटके देते, आणि प्रत्येक घावाचा हादरा मनगटात पोचविते. आपल्या जिल्ह्यातून व शेजारच्या बीडमधून ऊसतोडीस जी कुटुंबे जातात, त्यांच्यात नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात व त्या हिशोबानेच उचल दिली जाते. ज्या हत्याराच्या नावाने माणूस मोजला जातो, ते निदान मनगट राखणारे तरी असावे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडाकडील कांड्यांत साखर अधिक असते आणि वर राहिलेले खोडके खोडव्यालाही बाधक होते. त्यासाठी वाकून मारलेला घाव दिवसातून हजारो वेळा बसतो. तेथे मुठीचा दोष म्हणजे शरीराचाच दोष होऊन बसतो.

आता लोखंडाविषयी. लोखंडात कर्ब किती आहे यावर त्याला पाणी चढेल की नाही हे ठरते. बांधकामाच्या साध्या सळईत किंवा पट्टीत कर्ब सामान्यतः शेकडा ०.२५ हून कमी असतो. तिला कितीही तापवून विझविले तरी धार टिकण्याइतका कठीणपणा येत नाही. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यात तो शेकडा ०.५ ते ०.६ च्या सुमारास असतो, म्हणून 'पाट्याचा कोयता' मागण्याची जी रीत आहे ती योग्यच आहे. जुन्या कानशीत कर्ब त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. तिची सुरी होते झकास, पण कोयता करू नये. घावाने तुकडा उडतो. ओळख अशी की, सराणीवर धरल्यास साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात, आणि पोलादाच्या ठिणग्या मध्येच फुटून त्यांची फुले होतात. तयार पात्याच्या धारेवर कानस हलकेच फिरवावी. ती घसरत असेल तर पाणी आहे. सहज चावत असेल तर नाही. नुसती चकाकी हा पुरावा नव्हे. न गंजणारे म्हणून जे भांड्यांचे पोलाद असते, त्यातील लोहचुंबकाला न चिकटणारी जात पाणी घेतच नाही. सुऱ्यांसाठी न गंजणाऱ्या पोलादाची निराळी जात असते व ती चुंबकाला चिकटते. एवढी चाचणी दुकानात उभ्या उभ्या करता येते.

पाणी देण्याचे काम बारकाईचे आहे आणि येथे आपल्या गावच्या लोहाराचीही पुष्कळदा चूक होते. केवळ बाजारी मालालाच नावे ठेवून चालणार नाही. पाते तापत असता सुमारे ७७० अंश सेंटिग्रेडला लोहचुंबक त्याला धरीनासा होतो. त्यापुढे थोडेसेच तापवून ते विझवावे. पांढरट होईतो तापविल्यास पोलादाचा कण मोठा होतो व पाते काचेसारखे तुटते. कमानीचा पाटा थंडगार पाण्यात बुडविण्यापेक्षा तेलात विझविणे बरे, नाहीतर धारेवर बारीक तडे पडतात. विझविलेले पाते तसेच वापरावयाचे नसते. ते घासून उजळ करून पुन्हा मंद आचेवर धरले असता त्यावर रंग चढू लागतात: प्रथम गवती पिवळा, सुमारे २२० ते २३० अंशांवर, मग २५० च्या पुढे तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. रंग जसा पुढे सरकतो तसा कठीणपणा थोडा उतरतो व चिवटपणा वाढतो. सुरीला पिवळा, विळ्याला तपकिरी, कोयत्याला जांभळ्याच्या अलीकडे पलीकडे, असे माझ्या माहितीतील एक वृद्ध घिसाडी करीत असे. त्याची बायको घण मारी व तो नुसता रंगाकडे डोळे लावून बसे. शेपटीला मात्र पाणी देऊ नये. शेपटी व पाते जेथे मिळतात तेथील कोपरा काटकोनात कापलेला असेल तर तोही दोषच. सर्व ताण त्या टोकाशी गोळा होतो व पाते तेथेच मोडते. तो कोपरा गोलाईचा हवा.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपला जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्यातील कोनासमुद्रम या गावी, जे हल्ली तेलंगणाच्या निजामाबाद जिल्ह्यात मोडते, मुशीत गाळलेले उत्कृष्ट पोलाद होत असे, आणि ते खरेदी करण्यास इराणचे व्यापारी येत. वॉयसी नावाच्या इंग्रजाने लिहिलेली त्याची हकीकत १८३२ साली छापली गेली. त्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसे, ती पोलादाच्या अंतर्गत रचनेतून उमटलेली असे. हल्ली यात्रेजत्रेत तशाच लहरी असलेल्या सुऱ्या मिळतात. त्यांतील पुष्कळांवर ती नक्षी नुसती वरून उठविलेली असते व दोन वेळा घासल्यावर जाते. ज्यास नक्षी हवी त्याने ती भिंतीवर लावण्यासाठी घ्यावी.

यानंतरचा दोष जाडीचा. पाते जाड असले म्हणजे मजबूत, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक पाते ही एक पाचर आहे. धार कितीही तीक्ष्ण असली, तरी तिच्या लगेच मागील भाग जाड असेल तर तो कापलेल्या दोन बाजू दूर लोटण्यातच हाताचे बळ खर्च करतो. जाड विळ्याने सोयाबीनचे झाड कापले न जाता हिसडले जाते. आणि सोयाबीन ओढीच्या प्रत्येक हिसक्याला वाळलेल्या शेंगा तडकून दाणे जमिनीवर सांडते. काढणीस चार दिवस उशीर झाला असेल तर हे नुकसान डोळ्यांना दिसण्याइतके असते. धार गेलेल्या विळ्याचेही तेच. म्हणून विळ्याची पाठ जाड असली तरी चालेल, पण ती धारेकडे क्रमाने उतरत गेलेली असावी. शेवटच्या दोन रेघांत एकदम उतार पाडलेला नसावा.

धारेचा कोन मोजण्यास यंत्र लागत नाही. कागदाचा चौकोनी कोपरा घ्यावा, तो ९० अंशांचा असतो. एकदा बरोबर दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. विळ्याच्या धारेचा एकंदर कोन या दुसऱ्या घडीइतका ठेवावा. कोयत्याला त्याहून थोडा अधिक, तीस अंशांच्या आसपास ठेवावा, आणि कुऱ्हाडीला आणखी अधिक. तुरीच्या खुंटावर विळ्याची धार चालविणारा ती वळवून घेणारच. तो दोष पात्याचा नव्हे. बहुतेक विळ्यांना उतार एकाच बाजूने दिलेला असतो. अशा पात्याची जी बाजू सपाट, त्या अंगास ते कापताना ओढ घेते. उजव्या हाताने काम करणाऱ्यास ही ओढ जमिनीकडे मिळते व बुडखे आखूड राहतात. तोच विळा डावखुऱ्याच्या हाती दिला की पाते वर चढते, आणि मुकादम त्याला कामचुकार ठरवितो. घरी किंवा मजुरांत कोणी डावखुरे असेल तर लोहाराकडून उलट्या उताराचा विळा मुद्दाम करून घ्यावा. त्याला निराळे लोखंड लागत नाही.

दातेरी धारेविषयी मतभेद आहेत. सुऱ्या-चाकूंचे शौकीन अर्धी साधी व अर्धी दातेरी अशी धार पाहताच नाक मुरडतात, कारण चारपाच इंचांच्या पात्यात दोन्ही अर्धे तोकडे पडतात आणि दातेरी भाग घरच्या निसण्यावर लागत नाही. चाकूपुरते हे म्हणणे मला मान्य आहे. विळ्याची गोष्ट वेगळी. भात, गवत, सोयाबीन यांच्या ताटांवर दातेरी विळा घसरत नाही, झटका न देता नुसत्या ओढीने कापतो आणि पुष्कळ दिवस चालतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा याच तत्त्वावरचा आहे. मात्र दाते कसे पाडले आहेत हे पाहावे. चांगल्या दातेरी विळ्यात पात्याच्या एका बाजूवर बारीक तिरप्या रेषा कोरलेल्या असतात व दुसरी बाजू गुळगुळीत असते. गुळगुळीत बाजू दगडावर घासली की दाते आपोआप नवे होतात. बाजारातील काही विळ्यांना करवतीसारखे मोठे दाते नुसते छाटून काढलेले असतात. ते बोथट झाल्यावर तिकोनी कानशीने एकेक दाता घासत बसावे लागते, आणि तितका वेळ कोणापाशी नसल्यामुळे तो विळा अडगळीत जातो.

पाठीवर करवत, टोकाशी आकडा, पात्यात भोके, दोन्ही बाजूंनी धार, असे अलंकार सुऱ्यांवर दिसतात. त्यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही. दुधारी पाते शेतकऱ्याच्या विशेष निरुपयोगाचे, कारण पाठीवर अंगठा ठेवून जोर देता येत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती वा शेतकी उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. खंजिराच्या आकाराची दुधारी सुरी शेतकीची आहे असे पंचनाम्याच्या वेळी सांगून पटविणे कठीण जाईल. कचेरीत आयुष्य गेल्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एक लहानसा दोष मात्र मोठ्या त्रासाचा आहे. धार मुठीच्या अगदी लगत आणून संपविलेली असते व तेथे दगड पोचत नाही. प्रत्येक वेळी धार लावताना पुढचा भाग झिजतो, लगतचा तसाच राहतो आणि दोन वर्षांत पात्याला नको तेथे पोट सुटते. धारेच्या आरंभी करंगळीच्या नखाएवढी मोकळी जागा असावी.

बलुत्याच्या काळी ही हत्यारे इतकी वाईट का नव्हती, याचे कारण मला असे दिसते. लोहाराला धान्य वर्षाकाठी ठरलेले मिळे. विळा चारदा मोडला तरी चारदा दुरुस्त करणे त्याच्याच गळ्यात पडे. म्हणून न मोडणारा विळा करण्यात त्याचे हित होते. आजच्या विक्रेत्याचे हित नेमके उलट आहे. त्या पद्धतीत लोहाराची उपासमार होई, थोड्या जमिनीच्या कुळाचे काम शेवटी पडे, हेही तितकेच खरे. ती परत यावी असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण रोख पैसे देऊनही लोहाराशी ठराव करता येतो. मी राहिलेल्या पाच विळ्यांच्या मुठी काढून टाकल्या. तिघांच्या पात्यांत पाणीच नव्हते, ती मोडीत दिली. दोघांना चौकोनी शेपटी जोडण्यापेक्षा नवे विळे घडविणे बरे असे लोहाराने सांगितले, तेव्हा पाट्याचे सहा विळे व बाभळीच्या मुठी करून घेतल्या, आणि एका सुगीत मूठ हलल्यास फुकट बसवून देण्याचे त्याने कबूल केले. पैसे बाजारभावाच्या दुपटीहून थोडे कमी पडले. विळे आणल्यावर ते प्रथम त्याच बाईपुढे ठेवले. तिने सहाही हातात धरून, फिरवून, पिळून पाहिले व दोन परत केले. दोघांच्याही मुठी तिच्या हाताला जाड होत्या, त्या लोहाराने तासून दिल्या.

सोयाबीनची काढणी व खंडेनवमी आपल्याकडे बहुधा मागेपुढेच येतात, आणि पूजेसाठी म्हणून त्या दिवशी हत्यारे धुऊन पुसून बाहेर निघतात. ती शेवटून घेण्याचे काम त्याच्या पंधरा दिवस आधी उरकावे, कारण ऐन वेळी लोहाराच्या भट्टीपुढे रांग असते व घाईत दिलेले पाणी कच्चे राहते. सुगी संपल्यावर पाती चिकापासून स्वच्छ करून, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून आढ्याला टांगावीत; ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवू नयेत. मुठींना जवसाचे तेल वर्षातून दोनदा चोळावे.